ओशिन आणि तांदळाचे एक पोते



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, मी गिरणगावाच्या इतिहासावर बोलावे. त्यावर मी पुष्कळ वेळा बोललो आहे आणि तुम्हीही पुष्कळ वेळा ऐकले आहे. म्हणून मी त्यांना कळवले की, यंदा मला जपानी दूरदर्शनवरील एका मालिकेविषयी बोलू द्या. चालक थोडे घाबरले असावेत. युनियनचा माणूस सिनेमा-नाटकावर काय बोलणार, अशी शंका येणे साहजिक आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही आहे ते युनियनच्या कचेरीतील कपाटातून आणि लोकलच्या प्रवासातून गोळा केलेले. तेव्हा माझ्या बोलण्यात पंडिती थाट सापडणार नाही. सापडेल तो एका प्रेक्षकाचा राग, लोभ आणि थोडासा हिशेब.

मालिकेचे नाव 'ओशिन'. जपानच्या सार्वजनिक नभोवाणी संस्थेने, म्हणजे एनएचकेने, ती ४ एप्रिल १९८३ पासून ३१ मार्च १९८४ पर्यंत दाखवली. एकंदर २९७ भाग, प्रत्येक भाग पंधरा मिनिटांचा, वेळ सकाळी सव्वाआठची. मी गुणाकार करून पाहिला, सुमारे चौऱ्याहत्तर तास होतात. आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने ती मला मिळवून दिली, खाली इंग्रजी ओळी असलेली. रोज रात्री जेवण झाल्यावर मी थोरल्या बहिणीच्या खोलीवर जातो आणि आम्ही दोघे दोन-तीन भाग पाहतो. आक्काला इंग्रजी वाचता येत नाही, मराठीही अडखळतच वाचते. म्हणून ओळी येतील तशा मी त्यांचे मराठी करून मोठ्याने सांगतो. पडद्यावरच्या सात वर्षांच्या मुलीचा आवाज जपानी आणि शब्द माझे, अशी ही आमची बैठक आहे.

प्रथम या प्रकाराचा थोडा इतिहास सांगतो. जपानात दूरदर्शन सुरू झाले १ फेब्रुवारी १९५३ रोजी. त्या दिवशी वर्गणी भरलेले संच होते अवघे ८६६. एनएचके जाहिराती घेत नाही, ती घराघरातून येणाऱ्या वर्गणीवर चालते. म्हणून तिच्या कथेच्या मध्ये साबण येत नाही. हे मला फार आवडले. १९६१ साली तिने सकाळची कादंबरीवजा मालिका सुरू केली. नभोवाणीवर जशा क्रमशः कथा वाचल्या जात तशीच ही. बाई स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकू शकेल, मध्येच येऊन पाहू शकेल, अशी बेतलेली. तेव्हापासून आजतागायत ही प्रथा चालू आहे. त्या लांबलचक माळेत 'ओशिन'इतका प्रेक्षक दुसऱ्या कोणत्याच मालिकेला मिळाला नाही. वर्षभराची सरासरी ५२.६ टक्के, आणि १२ नोव्हेंबर १९८३ च्या भागाला ६२.९ टक्के. म्हणजे त्या सकाळी तोक्योच्या परिसरात शंभर घरांपैकी त्रेसष्ट घरांत हीच एक बाई सुखदुःख भोगत होती.

कथा लिहिली हाशिदा सुगाको या लेखिकेने. जन्म १९२५, मृत्यू २०२१ सालच्या ४ एप्रिलला, म्हणजे मालिकेच्या वाढदिवशीच. पूर्वी ती एका चित्रपट कंपनीच्या लेखन विभागात नोकरीस होती, ती नोकरी सोडून दूरदर्शनकडे वळली. तिची नायिका ओशिन १९०१ सालात जन्मते. त्याच साली सम्राट हिरोहितोचा जन्म झाला, ही गोष्ट मी योगायोग मानत नाही. एकाच वर्षाची दोन बाळे, एक राजवाड्यात आणि एक उत्तरेकडील यामागाता प्रांतात कुळाच्या झोपडीत! ही झोपडी कशी? तर भातात मुळ्याचे तुकडे घालून भात वाढवायचा, आणि पिकवलेल्या तांदळाचा मोठा वाटा खंड म्हणून जमीनदाराला घालायचा. आई पुन्हा गरोदर आहे; खाणारे तोंड वाढू नये म्हणून ती गोठलेल्या नदीत कमरेइतक्या पाण्यात उभी राहते. सात वर्षांची ओशिन हे पाहते आणि कामाला जायला कबूल होते. कुठे? मोगामी नदीच्या खालच्या अंगाला एका लाकूड व्यापाऱ्याच्या घरी, मूल सांभाळायला. किती मोबदल्यावर? वर्षाला तांदळाचे एक पोते, साठ किलो, आगाऊ.

या आगाऊ पोत्याला आपल्याकडे शब्द आहे, 'उचल'. बीड-नगरकडचे ऊसतोडणी कामगार मुकादमाकडून हंगामाआधी घेतात ती. उचल घेतली की माणूस मजूर राहत नाही, तो परतफेड होतो. जपानच्या रेशीम गिरण्याही याच पद्धतीवर उभ्या राहिल्या. १८७२ साली तोमिओका येथे सरकारने नमुन्याची गिरणी काढली. पुढे खासगी गिरण्या निघाल्या, आणि त्यांचे दलाल डोंगरातल्या खेड्यांत जाऊन आईबापांच्या हातावर आगाऊ पैसे ठेवून मुली नेऊ लागले. हिदा भागातील मुली बर्फातून नोमुगी खिंड ओलांडून ओकायाच्या गिरण्यांत जात. त्यांच्यावर यामामोतो शिगेमी याने वृद्ध स्त्रियांना भेटून एक पुस्तक लिहिले, ते १९६८ साली आले. त्यावरचा चित्रपट १९७९ चा. 'ओशिन'मध्येही थोरली बहीण हारू अशाच गिरणीत जाते, क्षय घेऊन परत येते आणि मरते. मरताना तिच्याजवळ तोक्योतील एका केशभूषा करणाऱ्या बाईचा पत्ता असतो. स्वतःला जायचे होते, ते जमले नाही. तो पत्ता ती ओशिनला देते. आमच्या चाळीत क्षयाने गेलेली माणसे मी पाहिली आहेत, तेव्हा हा भाग सांगताना माझा आवाज नीट लागला नाही. आक्काने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, काही बोलली नाही.

मुंबईशी याचा संबंध नाही असे कोणी म्हणू नये. १८९३ साली जमशेटजी टाटा आणि जपानची निप्पोन युसेन कंपनी यांनी मिळून मुंबई ते कोबे बोटी सुरू केल्या. आपला कापूस स्वस्तात तिकडे जाऊ लागला. त्याच कापसाच्या सुताने आणि कापडाने पुढे आपल्या गिरण्यांची चीनमधली बाजारपेठ घेतली, आणि नंतर ते कापड मुंबईत उतरू लागले. १९३३ साली सरकारला ब्रिटनबाहेरील कापडावर पंचाहत्तर टक्के जकात बसवावी लागली. या सगळ्या काळात आपल्या मालकांचे पालुपद एकच, जपानी मजूर बघा कसा राबतो! कमी माणसांत जास्त माग चालवण्याच्या योजना, वेतनकपात, आणि त्याविरुद्ध १९२८ चा सहा महिन्यांचा संप, हे सारे त्या स्पर्धेच्या छायेत घडले. पण जपानी मजूर म्हणजे कोण, हे मालकांनी कधी सांगितले नाही. सूतगिरण्यांत आणि रेशीम गिरण्यांत ती बहुतेक मुलगी होती, चौदा-पंधरा वर्षांची, गिरणीच्याच आवारात कुलपात झोपणारी. ज्या हारूशी स्पर्धा करायला आमच्या आजोबांना सांगितले जात होते तिच्या हाती तिचा स्वतःचा पगारही पुरता येत नसे.

आता माझा राग सांगतो. 'ओशिन' १९८४ साली सिंगापूरला गेली, मग थायलंड, पोलंड, चीन असे करत साठाहून अधिक देशांत पोहोचली. गरीब देशांना तर जपानने ती फुकट दिली. जिथे गेली तिथे तिची कीर्ती एकाच गुणासाठी झाली, सोशिकपणा. जपानातही मुत्सद्दी आणि कारखानदार तिचा दाखला देत, पाहा, आमचा देश असा दात-ओठ आवळून वर आला. माझ्या जिवाला हे झोंबले. ज्या वर्षी सोशिकपणाचा हा महोत्सव चालू होता त्याच वर्षी मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात उपाशी बसले होते. त्यांचा संप कोणी औपचारिकपणे मागेही घेतला नाही. तो विरून गेला. त्या घरांपैकी एक आमचे. सोसण्याचे कौतुक ऐकले की मला मालकाचा आवाज ऐकू येतो.

पहिले चाळीस-पन्नास भाग मी हाच राग धरून पाहिले. दर भागानंतर आक्कापुढे भाषण. सहन केले म्हणून काय मिळाले, संघटना कुठे आहे, वगैरे. वस्तुतः जपानात मजुरांनी कधी उठाव केला नाही असेही नव्हे. १८८६ साली कोफू येथील आमेमिया रेशीम गिरणीत शंभरावर मुली काम टाकून बाहेर पडल्या. तिकडचा हा पहिला संप मानतात. त्याच्या दोन वर्षे आधी, १८८४ साली, आपले नारायण मेघाजी लोखंडे परळला सभा घेऊन रविवारची सुट्टी मागत होते, ती १८९० साली मिळाली. मी हे सारे आक्काला ऐकवले.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अरे, पण तिनं सोसलंय कुठं? पळालीय ती."

मी थांबलो. मग मागे जाऊन आठवू लागलो. लाकूड व्यापाऱ्याच्या घरी पन्नास सेनचे चांदीचे नाणे हरवते. ओशिनजवळ तसेच नाणे सापडते, निघताना आजीने दिलेले. चोरीचा आळ येतो आणि ओशिन हिमवादळात घर सोडून निघते. तिला डोंगरात शुन्साकु नावाचा तरुण वाचवतो. तोसुद्धा पळालेलाच, रशिया-जपान युद्धातून. तो तिला अक्षरे शिकवतो, तोंडाने वाजवायची बाजाची पेटी शिकवतो, आणि योसानो अकिकोने १९०४ साली रणांगणावरच्या भावाला उद्देशून लिहिलेली युद्धविरोधी कविता ऐकवतो. लष्करी पोलीस त्याला गोळी घालतात. पुढे साकाता शहरात कागाया नावाच्या तांदळाच्या व्यापाऱ्याकडे पाच पोत्यांवर जाते. तिथे वृद्ध मालकीण तिला वाचन आणि हिशेब शिकवते. सोळाव्या वर्षी बाप भलत्याच ठिकाणी धाडू पाहतो, ती तोक्योला पळते. १९२३ च्या कांतो भूकंपात संसार कोसळतो. नवऱ्याच्या गावी, साग्याला, सासू तिला जनावरासारखी राबवते, पोटातले मूल जाते, आणि ती थोरल्या पोराला घेऊन तिथूनही निघते. अखेर म्हातारपणी मुलाच्या सतराव्या दुकानाचे उद्घाटन असते त्या दिवशी ती कोणाला न सांगता घरातून नाहीशी होते. मालिकेचा आरंभच मुळी इथून आहे! सगळी कथा म्हणजे पळून गेलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईने नातवाला सांगितलेली आठवण. आमची कुठे चूक झाली, हे शोधायला ती निघाली आहे.

चौऱ्याहत्तर तासांच्या कथेत मुत्सद्द्यांनी फक्त मधला भाग पाहिला. इतिहास आक्काच्या बाजूचा आहे. जपानी गिरण्यांतील मुलींचा सर्वांत मोठा प्रतिकार संप हा नव्हताच, पलायन होते. भिंती उंच, दाराला कुलूप, हे उगीच नव्हते. मुली वर्ष पुरे होण्याआधी इतक्या पळत की मालक एकमेकांच्या मुली पळवू नयेत म्हणून आपसांत करार करीत. आम्ही युनियनवाले पळालेल्या माणसाची नोंद ठेवत नाही. सभासद गळाला, एवढेच लिहितो.

त्या रात्री मी आक्काला विचारले, "तुला पळालेलं आठवतं?" ती म्हणाली, "तुला आठवतं का ते सांग."

मला आठवते. १९८२ च्या पावसाळ्यात ती तेरा वर्षांची होती आणि मी अकरा वर्षांचा. संपाला सहा महिने झाले होते. आईने तिला माटुंग्याला एका कुटुंबात वरकामाला ठेवले, राहून. दिवाळीआधी एका रात्री ती एकटी चालत लालबागला परत आली. दार उघडले, आईचे आणि तिचे दबक्या आवाजात बोलणे झाले, आक्का रडली. मी भिंतीकडे तोंड करून झोपेचे सोंग घेतले होते. अकरा वर्षांच्या मुलालाही हिशेब कळतो. ती घरी राहिली तर पुढचा नंबर माझा, हे मला पक्के ठाऊक होते. सकाळी आई तिचा हात धरून तिला परत घेऊन गेली आणि मी शाळेत गेलो.

"किती मिळायचे?" मी विचारले. त्रेचाळीस वर्षांत हे मी कधी विचारले नव्हते. महिना साठ रुपये आणि दोन वेळचे जेवण, आक्काने सांगितले. दोन महिन्यांचे आईने आधीच घेतले होते. त्यातून वाण्याची थकबाकी गेली आणि माझी पुस्तके आली. घरकामगार बायकांच्या मोर्च्यांत मी कितीतरी वेळा घोषणा दिल्या आहेत. २००८ साली महाराष्ट्रात त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. आक्का त्या मोर्च्यांत मागे बसायची, डबा घेऊन.

मालिका परदेशात गेली आणि तिथल्या बायांनीही तिचे आपापले अर्थ लावले. व्हिएतनाममध्ये घरकाम करणाऱ्या बाईला लोक 'ओशिन'च म्हणू लागले. विशेषनामाचे सामान्यनाम झाले. इराणात युद्धाच्या दिवसांत ती दाखवली गेली. तिच्या सासरचे आडनाव तानोकुरा, त्यावरून तिकडे जुन्या कपड्यांच्या बाजाराला 'तानाकुरा' म्हणू लागले. १९८९ च्या आरंभी इराणी नभोवाणीवर एका बाईला विचारले, तुमचा आदर्श कोण? अपेक्षा पैगंबरांच्या कन्येचे नाव येण्याची होती. बाईने सांगितले, ओशिन. खोमेनी इतके संतापले की कार्यक्रम करणाऱ्यांना शिक्षा झाल्या. मागाहून त्या माफ करण्यात आल्या. दूरच्या देशातील कुळाच्या पोरीने एका राज्यकर्त्याची झोप उडवावी, ही साधी गोष्ट नव्हे.

अलीकडच्या मालिकांविषयी दोनच शब्द. २००७ साली 'हाकेन नो हिनकाकु' आली. नायिका कंत्राटी कर्मचारी, तीन महिन्यांच्या करारावर. घड्याळात सुटीची वेळ झाली की ती उठते, साहेब तोंडाकडे पाहत राहतो. मी टाळ्या वाजवल्या, आक्का मात्र "हे नाटकातच चालतं" म्हणाली. तिचे म्हणणे खरे ठरले. कारखान्यांत कंत्राटी माणसे घेण्याची मोकळीक तिकडे २००४ साली मिळाली होती. २००८ च्या मंदीत त्यांना हजारोंनी काढले, नोकरीबरोबर राहण्याची खोलीही गेली. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी तोक्योच्या हिबिया बागेत कार्यकर्त्यांनी तंबू ठोकून सुमारे पाचशे बेघर कामगारांना जेवू घातले. जपानी युनियन कंपनीगणिक असतात, कायम कामगाराच्या. कंत्राटी माणूस त्यांच्या अंगणाबाहेर. यावर हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण माझा जीव खरा अडकला आहे तो 'ओशिन'मधल्या कोतात. हा श्रीमंत घरचा मुलगा शेतकरी चळवळीत पडतो, कुळांच्या संघटना बांधतो, पोलिसांना चुकवत हिंडतो. ओशिनचे पहिले प्रेम तोच. १९२५ च्या शांतता संरक्षण कायद्याखाली अशा हजारो माणसांना जपानात पकडले. कोतालाही पकडतात. तुरुंगात त्याच्याकडून विचार सोडल्याची कबुली घेतली जाते, आणि मग तो सुटतो. चळवळीच्या इतिहासात अशा माणसांना जागा नसते. हाशिदाबाईंनी त्याला जागा दिली, शेवटच्या भागापर्यंत दिली. मीही एकदा अशा तडजोडीवर सही केली आहे की जिच्यामुळे सत्तर माणसे घरी बसली. कोणत्या कारखान्यात, ते इथे सांगत नाही. त्यातले काही मला आजही स्टेशनवर भेटतात, काही रस्ता बदलतात.

परवा आम्ही त्या भागापर्यंत आलो. ओशिन इसे येथे मासळीची गाडी ओढू लागली आहे. आक्काला मासळीतले कळते, त्यामुळे तिचे लक्ष गाडीतल्या मालाकडेच होते. पोलीस कोताला धरून नेतात तिथे मी यंत्र थांबवले. आक्का म्हणाली, "हा परत येईल का रे? आणि आला तर ती त्याला जेवायला वाढेल का?"

पुढची कथा मी आधीच वाचून ठेवली आहे. मी तिला म्हटले, उद्या पाहू.